थॅडियस स्टीव्हन्स वकील ह्यांचे चरित्र

कायदा हा शब्द कानी पडला म्हणजे खेड्यातल्या गरीब मनुष्यास बहुतकरून स्टँपचा कागद, वकिलाची फी आणि पुढची तारीख ह्यांचीच आठवण होते. कायदा आपल्याकरिताही केलेला आहे, असे त्यास क्वचितच वाटते. आज आम्ही ज्या अमेरिकन वकिलाची हकीकत सांगणार आहो, त्यांनी तरुणपणी कायद्याच्याच जोरावर एका गरीब बाईस गुलामगिरीत परत पाठविले. आणि त्याच वकिलाने म्हातारपणी, गुलामगिरीतून सुटलेल्या सुमारे चाळीस लाख लोकांस कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून मरेपर्यंत झुंज दिली. ह्या दोन टोकांमध्ये सत्तेचाळीस वर्षे गेली. ती कशी गेली हे समजून घेण्याजोगे आहे.

थॅडियस स्टीव्हन्स ह्यांचा जन्म ता. ४ एप्रिल १७९२ रोजी व्हर्माँट संस्थानातील डॅनव्हिल गावी झाला. व्हर्माँट हा अमेरिकेच्या ईशान्येकडील डोंगराळ व कडक थंडीचा प्रांत आहे. बाप जोशुआ शेती करी व जोडे शिवी. थॅडियसचा एक पाय जन्मापासून वाकडा होता. थोरल्या भावाचे तर दोन्ही पाय तसेच होते. असे व्यंग म्हणजे आईबापांच्या गुप्त पापाची शिक्षा होय, असे त्या काळी तिकडेही कित्येक लोक मानीत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी शिष्यांनी जो प्रश्न विचारला, तोच हा प्रश्न. आणि प्रभूने दिलेले उत्तर वाचलेल्या लोकांच्या गावातही तो अठराशे वर्षांनी विचारला जात होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे बाप चार मुले व बायको ह्यांस टाकून निघून गेला, आणि घराचा सर्व भार आई सारा हिजवर पडला.

सारा ही बाप्तिस्त मंडळीतील भाविक व कष्टाळू बाई होती. लंगडा मुलगा शेतात राबू शकणार नाही, तेव्हा त्यास विद्या तरी द्यावी, असे तिने ठरविले. जवळच्या पीचम गावी चांगली शाळा होती, म्हणून ती मुलांस घेऊन तेथेच राहावयास गेली. शाळेत मुले थॅडियसच्या चालण्याची नक्कल करून हसत. तो रागीट झाला, जिभेने तिखट झाला, आणि अभ्यासात पुढे गेला. १८१४ साली डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन तो पेनसिल्व्हेनिया संस्थानातील यॉर्क गावी शिक्षक झाला. दिवसा शिकवावे व रात्री कायद्याची पुस्तके वाचावी, असा क्रम त्याने ठेवला. वकिलीची सनद मिळताच १८१६ साली त्याने गेटिसबर्ग येथे आपले बिऱ्हाड केले.

वकिलीत नाव झाले, पैसा आला. आणि १८२१ साली तो खटला आला.

चॅरिटी बटलर नावाची एक काळी बाई होती. तिच्यावर मेरिलँड संस्थानातील एका मालकाचा हक्क होता. मेरिलँडात गुलामगिरी चालत असे. लगतच्या पेनसिल्व्हेनियात १७८० च्या कायद्याने ती हळूहळू बंद होत होती. त्या कायद्यात असे होते की, बाहेरच्या संस्थानातून आणलेला गुलाम सहा महिन्यांहून अधिक काळ पेनसिल्व्हेनियात ठेवला, तर तो स्वतंत्र झाला. चॅरिटीस अनेक वेळा त्या संस्थानात आणून ठेवले होते. त्या सर्व दिवसांची बेरीज केली तर सहा महिने भरतात, सबब मी व माझी मुले स्वतंत्र आहो, असे तिचे म्हणणे. मालकाच्या बाजूने स्टीव्हन्स उभे राहिले. त्यांनी मुद्दा काढला की, कायद्यास सलग सहा महिने पाहिजेत. तुकड्यांची बेरीज चालावयाची नाही. संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयाने तो मान्य केला, आणि चॅरिटी मुलांसह गुलामगिरीत परत गेली.

कायद्याच्या शब्दाकडे पाहता युक्तिवाद चोख होता. स्टीव्हन्सांचे चरित्र लिहिणारे कित्येक लोक ह्या गोष्टीवरून घाईने पुढे जातात. आमच्या मते तसे करू नये. एका आईचे व तिच्या मुलांचे सर्व आयुष्य दिवसांच्या हिशेबावर टांगले होते, आणि तो हिशेब तिच्याविरुद्ध मांडून देणारा मनुष्य बापाने टाकलेला, आईने कष्टाने वाढविलेला असा होता. एवढे मात्र खरे की, त्यानंतर थोड्याच वर्षांत स्टीव्हन्स जाहीर सभांतून गुलामगिरीचा धिक्कार करू लागले, आणि पुढे पळून आलेल्या गुलामांची बाजू कोर्टात घेऊ लागले. चॅरिटीस त्याचा उपयोग झाला नाही.

१८३३ साली ते पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात निवडून गेले. त्या वेळी त्या संस्थानात गरिबांच्या मुलांसाठी १८०९ चा एक कायदा होता. त्याप्रमाणे मुलाची फी सरकार भरी. परंतु त्याआधी आईबापांनी सरकारी कामगारापुढे जाऊन आपण दरिद्री आहो असे लिहून द्यावे लागे. ते नाव यादीत चढे, व शाळेत ते पोर 'दरिद्र्याचे पोर' म्हणूनच ओळखले जाई. पुष्कळ स्वाभिमानी आईबाप मुलांस अडाणी ठेवीत, पण त्या यादीत नाव घालीत नसत. १८३४ साली नवा कायदा झाला: शाळा सर्वांची, खर्च सार्वजनिक कराचा, आणि श्रीमंताचे व गरिबाचे मूल एकाच बाकावर.

कर म्हटल्याबरोबर गावोगाव गवगवा झाला. ज्यांस मुले नव्हती ते म्हणू लागले की, आम्ही दुसऱ्याच्या मुलांसाठी का भरावे? ज्यांच्या मंडळीच्या स्वतःच्या शाळा होत्या, ते म्हणू लागले की, आम्ही दोनदा का भरावे? कायदा रद्द करावा म्हणून हजारो सह्यांचे अर्ज आले. वरिष्ठ सभेने रद्द करण्याचा ठराव करूनही टाकला. स्टीव्हन्सांच्या स्वतःच्या मतदारांची इच्छा हीच होती.

ता. ११ एप्रिल १८३५ रोजी ते कनिष्ठ सभेत बोलावयास उठले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, जो मनुष्य जन्मात कधी गुन्हा करीत नाही, तोही तुरुंग व न्यायकचेऱ्या ह्यांसाठी कर देतो आणि कुरकुर करीत नाही. मग गुन्हेगारास शिक्षा देण्याकरिता जो खुशीने पैसा देतो, त्याने मूल गुन्हेगार होऊ नये म्हणून पैसा देताना रडावे, हा कोणता हिशेब? जुन्या कायद्याविषयी ते म्हणाले की, तो गरिबांवर डाग देणारा कायदा आहे. गव्हर्नर वुल्फ हे त्यांच्या विरुद्ध पक्षाचे, शिवाय फ्रीमेसन. आणि मेसन लोकांशी तर स्टीव्हन्सांचे हाडवैर. तरी ह्या कायद्यास वुल्फ ह्यांनी आधार दिला म्हणून स्टीव्हन्सांनी त्याच भाषणात त्यांची उघड स्तुती केली. भाषण संपल्यावर कनिष्ठ सभेने ठराव फेटाळला, व वरिष्ठ सभेनेही आपले मत फिरविले. शाळा राहिल्या. पुढे आपण केलेल्या सर्व कामांत हे काम स्टीव्हन्सांस फार प्रिय होते.

ह्यावरून ते निर्दोष पुरुष होते असे कोणी समजू नये. मेसन लोकांच्या मागे ते वाजवीपेक्षा फाजील लागले, आणि विधिमंडळात त्यांची चौकशी मांडून सूड उगविल्याप्रमाणे वागले. १८३८ साली निवडणुकीच्या भांडणात दंगा झाला, तेव्हा सभागृहाच्या खिडकीतून उडी टाकून त्यांस निसटावे लागले. त्या भांडणात त्यांची बाजू शुद्ध होती असे आम्हांस म्हणवत नाही. ते जुगार खेळत. त्यांची जीभ कोणास सोडीत नसे. आईच्या धर्माविषयी त्यांना आदर होता, तरी ते कोणत्याच मंडळीचे सभासद झाले नाहीत. परंतु त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियाची नवी राज्यघटना तयार झाली व तीत मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांस ठेवला, तेव्हा घटनासमितीचे सभासद असूनही त्यांनी तिजवर सही करण्यास नकार दिला.

लोखंडाच्या भट्टीच्या धंद्यात त्यांस मोठे कर्ज झाले. ते फेडण्याकरिता १८४२ साली ते लँकास्टर शहरी गेले, कारण तेथे वकिली अधिक चाले. हे शहर मेरिलँडच्या सरहद्दीपासून फार दूर नाही. रात्री चालत, दिवसा लपत गुलाम ह्या बाजूस येत, व त्यांच्यामागे पकडणारेही येत. त्या पकडणाऱ्यांच्या हेरांवर स्टीव्हन्सांनी आपला हेर ठेवला होता. त्यांच्या घरामागे असलेल्या पाण्याच्या जुन्या टाक्याचे उत्खनन एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाले. त्यात पळालेल्या लोकांस लपवीत असावे, असे संशोधकांचे मत आहे. घराचा कारभार लिडिया हॅमिल्टन स्मिथ ही मिश्रवर्णी विधवा बाई पाही. तिने सुमारे वीस वर्षे ते घर सांभाळले, व आपल्या हुशारीने स्वतःचीही मिळकत केली. स्टीव्हन्स तिला मानाने हाक मारीत, ह्यावरूनही शत्रूंनी नाना तऱ्हेच्या गोष्टी उठविल्या.

१८५० साली असा कायदा झाला की, पळालेला गुलाम पकडताना सरकारी अंमलदाराने हाक दिली तर प्रत्येक नागरिकाने मदत केलीच पाहिजे. दुसऱ्याच वर्षी, ११ सप्टेंबर १८५१ रोजी, लँकास्टर जिल्ह्यातील क्रिस्टियाना गावी एडवर्ड गॉर्सच नावाचा मालक आपले गुलाम पकडावयास आला. गावच्या काळ्या लोकांनी विरोध केला, व गॉर्सच मारला गेला. कास्टनर हॅनवे नावाचा एक गोरा गिरणीवाला तेथे घोड्यावर उभा होता. त्याने अंमलदारास मदत करण्याचे नाकारले. एवढ्यावरून त्याच्यासह अडतीस लोकांवर राजद्रोहाचा आरोप आला. हॅनवेच्या बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होते. खटला फिलाडेल्फियास चालला, आणि पंचांनी अवघ्या पंधरा मिनिटांत त्यास निर्दोष ठरविले. बाकीच्यांवरील राजद्रोहाचा खटला मग टिकला नाही. तीस वर्षांपूर्वी चॅरिटीविरुद्ध वापरलेली बुद्धी ह्या वेळी दुसऱ्या पारड्यात पडली.

अमेरिकेच्या सर्व संस्थानांचे मिळून जे विधिमंडळ, त्यास काँग्रेस म्हणतात. त्याची प्रतिनिधिसभा व सेनेट अशी दोन सभागृहे आहेत. स्टीव्हन्स १८४९ ते १८५३ व पुन्हा १८५९ पासून मरेपर्यंत प्रतिनिधिसभेत होते. १८६१ साली गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेची संस्थाने फुटून निघाली व यादवी युद्ध पेटले. तेव्हा कर बसविणे व पैसा उभारणे ज्या समितीकडे होते, तिचे अध्यक्ष स्टीव्हन्स झाले. सैन्याचा पगार व दाणागोटा ह्यांसाठी लागणारा पैसा त्यांच्या समितीतून मंजूर होई. आणि गुलामांस मुक्त करा, त्यांस सैन्यात घ्या, असा तगादा ते अध्यक्ष लिंकन ह्यांच्यापाशी सारखा लावीत.

२६ जून १८६३ रोजी दक्षिणेचे सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरले असता जनरल अर्ली ह्याने गेटिसबर्गाजवळची स्टीव्हन्सांची कॅलेडोनिया नावाची लोखंडाची भट्टी मुद्दाम जाळविली. कारखाना, गुरे, धान्य सर्व गेले. स्टीव्हन्स त्या वेळी एकाहत्तर वर्षांचे होते. आपल्या नुकसानीपेक्षा तेथे राबणाऱ्या गरीब कुटुंबांचे पुढे कसे होईल ह्याचीच चिंता त्यांनी पत्रात लिहिली, व त्या लोकांच्या तूर्त पोटापाण्याची तजवीज केली पाहिजे असे कळविले.

युद्ध १८६५ त संपले, आणि त्याच वर्षीच्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायमची बंद झाली. येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. पण मुक्त झालेल्या मनुष्याचे दुसऱ्या दिवशी काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. लिंकन मारले गेले होते. त्यांच्या जागी आलेले अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी दक्षिणेच्या मळेवाल्यांस माफी देऊन त्यांच्या जमिनी परत केल्या. मिसिसिपी संस्थानाने लागलाच कायदा केला की, प्रत्येक काळ्या मनुष्याने दर जानेवारीत आपण कोणाकडे कामास आहो ह्याचा दाखला दाखवावा; न दाखवील तो भटक्या ठरेल, त्यास दंड होईल, आणि दंड न भरल्यास तो भरणाऱ्याकडे त्यास राबावे लागेल. गावठाणाबाहेर त्याने जमीन खंडानेही घेऊ नये, असेही त्यात होते. गुलामगिरी हे नाव गेले, पण वेठ राहिली.

हीच संस्थाने आपले प्रतिनिधी घेऊन डिसेंबर १८६५ त काँग्रेसच्या दारी आली. स्टीव्हन्सांनी आधीच व्यवस्था केली होती. सभेचा चिटणीस एडवर्ड मॅकफर्सन हा गेटिसबर्गचा, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने हजेरी पुकारताना दक्षिणेच्या सभासदांची नावे सोडून दिली. ज्यांचे नाव पुकारले नाही, त्यांस बोलता येईना. आणि दक्षिणेच्या हातात सत्ता परत जाण्यापूर्वी मुक्त झालेल्यांचे संरक्षण करण्यास सवड मिळाली. एवढे मोठे काम हजेरीच्या कागदावर झाले.

त्या सवडीत चौदावी घटनादुरुस्ती तयार झाली. तिचे पहिले कलम बव्हंशी ओहायोचे वकील जॉन बिंगहॅम ह्यांनी लिहिले; ती समितीतून व सभेतून पार नेण्याचे कष्ट मुख्यतः स्टीव्हन्सांचे. अमेरिकेत जन्मलेला प्रत्येक जण नागरिक होय, आणि कोणत्याही संस्थानाने कोणासही कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये, असे त्यात आहे. परंतु काळ्या लोकांस मताचा हक्क तीत स्पष्ट दिलेला नव्हता. १३ जून १८६६ रोजी शेवटच्या मतदानापूर्वी स्टीव्हन्सांनी सभेत जे सांगितले, ते आम्हांस त्यांच्या सर्व भाषणांत मोलाचे वाटते. त्याचा भावार्थ असा: कधी तरी अशी वेळ येईल की, सर्व जुनी घडण मोडून माणसामाणसांतील भेद नाहीसे करता येतील, असे स्वप्न मी तरुणपणापासून पाहिले, ते स्वप्न गेले, आता ह्या जुन्या इमारतीच्या अगदी मोडक्या भागाची तेवढी डागडुजी करून थांबावे लागत आहे. मग असा अपुरा ठराव मी का पत्करतो? कारण मी देवदूतांत राहात नाही, माणसांत राहतो. असे म्हणून त्यांनी आपले मत ठरावाच्या बाजूने दिले. १२० विरुद्ध ३२ मतांनी तो पास झाला.

त्यांनी पत्करलेल्या ह्या अपुऱ्या शब्दांचे पुढे काय झाले? १८९६ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, गोऱ्याकाळ्यांस वेगळे बसविले तरी समता मोडत नाही, असा अर्थ लावून ते निकामी केल्यासारखे केले. आणि १९५४ साली त्याच न्यायालयाने त्याच शब्दांवरून शाळांतील वेगळी व्यवस्था बेकायदा ठरविली. आमच्या देशाच्या घटनेचे चौदावे कलम, जे २६ जानेवारी १९५० पासून अमलात आहे, त्यातील 'कायद्याचे समान संरक्षण' हे शब्दही अमेरिकेच्या ह्याच दुरुस्तीतून घेतलेले आहेत. आणि त्याच्याही फार आधी, १८७३ साली, जोतीराव फुले ह्यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला होता. स्टीव्हन्स तेव्हा पाच वर्षांपूर्वीच वारले होते.

एका गोष्टीत मात्र स्टीव्हन्स पुरते हरले. ६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकास्टरच्या सभेत त्यांनी सुचविले होते की, बंडात सामील झालेल्या मोठ्या जमीनदारांच्या जमिनी सरकारने घ्याव्या, आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषास ४० एकर द्यावी. ज्याचे घर व शेत मालकाचे, त्याचे मतही मालकाचेच होईल, हे त्यांनी ओळखले होते. १८६७ त त्यांनी तसे विधेयक आणले. पण त्यांच्याच पक्षाचे लोक, जे गुलामगिरीविरुद्ध खंबीर उभे राहिले होते, ते मालमत्तेचे नाव निघताच मागे सरले. जमीन मिळाली नाही. लक्षावधी कुटुंबे पूर्वीच्याच मालकाच्या रानात अर्धलीने राबू लागली, आणि पीक निघण्यापूर्वीच दुकानदाराच्या वहीत ते गहाण पडू लागले. ही स्थिती आमच्या वाचकांस वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

१८६८ च्या फेब्रुवारीत प्रतिनिधिसभेने अध्यक्ष जॉन्सन ह्यांच्यावर दोषारोप ठेवला. स्टीव्हन्स तेव्हा इतके क्षीण झाले होते की, त्यांस खुर्चीत बसवून दोघे तरुण सभेत उचलून आणीत. तुम्ही मेल्यावर मला कोण रे उचलील, असे ते त्यांस विनोदाने म्हणत, असे सांगतात. सेनेटात ३५ मते विरुद्ध व १९ बाजूने पडून एका मताने अध्यक्ष सुटले. जुलैत चौदावी दुरुस्ती संस्थानांच्या संमतीने कायम झाली, आणि ता. ११ ऑगस्ट १८६८ च्या रात्री वॉशिंग्टन येथे स्टीव्हन्स वारले. शेवटच्या दिवशी दोन काळ्या पाळकांनी त्यांच्या बिछान्याशी प्रार्थना केली. लिडिया स्मिथ जवळ होती. त्यांचे शव काँग्रेसच्या मोठ्या घुमटाखाली ठेवले होते व काळ्या शिपायांचा पहारा होता. लँकास्टरच्या त्यांच्या पक्षाने, ते वारले असताही, पुढील निवडणुकीसाठी त्यांचेच नाव दिले.

लँकास्टरच्या मोठ्या कबरस्थानांच्या सनदांत काळ्या मनुष्यास पुरू नये असा नियम होता. म्हणून स्टीव्हन्सांनी श्रायनर ह्यांच्या लहानशा, एका बाजूच्या कबरस्थानात जागा घेतली. तेथील दगडावर त्यांनी आधीच ठरविलेला मजकूर आहे. त्याचा अर्थ असा की, मला एकांताची आवड म्हणून मी येथे निजलो नाही. इतर ठिकाणी वंशावरून मज्जाव आहे, म्हणून जन्मभर जे बोललो, की उत्पन्नकर्त्यापुढे सर्व मनुष्ये सारखी, ते मरणातही दाखवावे म्हणून ही जागा निवडली.

त्यांचे मृत्युपत्र वाचण्यासारखे आहे. लिडिया स्मिथ हिला वर्षाचे ५०० डॉलर किंवा एकदम ५,००० डॉलर. तिने एकदम रक्कम घेऊन तेच घर विकत घेतले. दारूच्या नादी लागलेल्या पुतण्यास अट अशी की, पाच वर्षे दारूस स्पर्श केला नाही तर मिळकतीचा एक भाग मिळेल, आणखी पाच वर्षे पाळले तर आणखी एक. तो अट पाळू न शकल्यास त्या पैशातून अनाथ मुलांसाठी आश्रम काढावा. त्यात वंश किंवा रंग पाहून कोणास घेऊ नये वा वगळू नये, आणि सर्व मुलांस एकाच मेजावर जेवावयास बसवावे. पंगतीची गोष्ट त्या वकिलाने कागदावर स्पष्ट लिहून ठेवली, कारण न लिहिल्यास काय होते हे त्यास ठाऊक होते. त्या देणगीतून १९०५ साली लँकास्टर येथे उद्योगशाळा निघाली. ती आज कॉलेज झाली असून तेथे गरीब मुले हातचा धंदा शिकतात.

आईच्या पीचम येथील कबरीसाठी त्यांनी ५०० डॉलर ठेवले. कबर नीट राखावी, आणि दर वसंतात तिच्या चारही कोपऱ्यांस गुलाब व दुसरी प्रसन्न फुले लावावी, असे त्यात सांगितले आहे.